मोठे टायर, जुना ठोकळा

मी "टाकला" म्हणून ओरडले आणि दिरांनी ब्रेकवरचा पाय काढला. मोटार वीतभर मागे आली, चाकामागच्या लाकडी ठोकळ्याला टेकली, पण थांबली नाही. मागचा टायर ठोकळ्यावर चढला, दबला, ठोकळा पोटाखाली घेऊन पलीकडे उतरला. मी हात लांब करून तशीच ओणवी होते. ठोकळ्याला बांधलेली काथ्याची दोरी माझ्या बोटांतून खेचली गेली आणि तळव्याचं कातडं घेऊन गेली.

माझा नवरा मोटारीच्या तोंडाशी हँडल घेऊन उभा होता. मोटार त्याच्यापासून लांब लांब जात होती आणि तो हँडल धरून नुसता बघत होता. दिरांनी पुन्हा ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. मोटार ऐकेना. मोटारीच्या मागे आमची बैलगाडी जोडलेली होती, कौलांनी भरलेली. मोटारीनं तिला मागे रेटलं तशी तिची दांडी आडवी झाली आणि गाडी डोंगराच्या अंगाला वळली. तिकडे गाडी आणि दरड ह्यांच्यामध्ये माझी जाऊ होती. तिच्या हातात गाडीच्या चाकाचा ठोकळा होता. माझं "टाकला" ऐकून ती आपला ठोकळा लावायला वाकली होती.

कौलं फुटल्याचा आवाज मला अजून येतो. तिचा आवाज येत नाही, कारण ती ओरडलीच नाही. आमच्या घरात सगळ्यांत मोठा गळा तिचा.

आता पहिल्यापासून सांगते. मी मराठी चौथी शिकलेली आहे. जसं आठवतं तसंच लिहीन.

एकोणीसशे तीसच्या पुढची सालं. रत्नागिरीजवळच्या खाडीवर आमचं गाव. खाली बंदर, वर सडा, म्हणजे जांभ्याचं माळरान. बंदरात मंगळूरकडचे पडाव, शिडाची गलबतं, कौलं घेऊन यायचे. सड्यावर आणि शहराच्या बाजूला नवीन घरं होत होती, लोक गवताची छपरं काढून कौलं घालत होते. ती कौलं बंदरातून चढणीनं वर न्यायची, हा आमच्या घराचा धंदा. सासऱ्यांच्या वेळेपासून बैलगाडीवर चालायचा.

चढणीला मधोमध एक वळण आहे. तिथे बैल दमायचे, गाडी थांबवावी लागायची. थांबलेली गाडी मागे येऊ नये म्हणून घरच्या बायका मागून चालायच्या, हातात लाकडाचा ठोकळा घेऊन. गाडी थांबली की ठोकळा चाकामागे घालायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, "टाकला!" मग गाडीवानानं बैलांना सैल सोडायचं. गाडीचा सगळा भार ठोकळ्यावर बसला पाहिजे. अर्धा भार बैलांवर आणि अर्धा ठोकळ्यावर राहिला तर ठोकळा सरकतो. म्हणून "टाकला" म्हटलं की सोडायचं, मागे वळून बघायचं नाही. ह्या कामाला बायका का, तर पुरुष पुढे बैलांना धरत.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मंगळसूत्राच्या खालोखाल हेच शिकवलं. "ओरडशील तेव्हा पोटातून ओरड. आणि खोटं ओरडू नको."

मग एका साली लाळ-खुरकताची साथ आली आणि आमचे दोन्ही बैल गेले. माझे थोरले दीर मुंबईला एका शेटाची मोटार चालवत होते. ते परत आले ते एक जुनी मोटार घेऊनच. दोघा भावांनी तिचा मागचा भाग कापला आणि सुताराकडून लाकडी हौदा बसवून घेतला. बैलगाडी होती तशी ठेवली, फक्त दांडी आखूड करून पुढे लोखंडी कडी ठोकली आणि ती मोटारीच्या मागे अडकवली. हौद्यात कौलं, मागच्या गाडीत कौलं. बैलांना चार खेपा लागायच्या ते काम मोटार एका खेपेत करू लागली. लोक बघायला यायचे. सुतारानं मोटारीसाठी नवा ठोकळा केला, ऐनाच्या लाकडाचा. चाकाला टेकवून त्यानं कोळशानं रेघ मारली आणि चाकाच्या गोलाईप्रमाणे एक बाजू तासली. तो ठोकळा माझा. गाडीच्या चाकाचा जुना ठोकळा जावेचा.

वळणावर मोटारसुद्धा दमायची. इंजिन बंद पडायचं. मी ठोकळा घालायची, "टाकला" म्हणायची, दीर ब्रेक सोडून भार ठोकळ्यावर बसू द्यायचे, मग जाऊ आपला ठोकळा घालून "टाकला" म्हणायची, आणि नवरा उतरून पुढून हँडल मारून इंजिन चालू करायचा. बैलांची रीत आम्ही मोटारीला जशीच्या तशी लावली. दुसरी रीत आम्हाला कुठे माहीत होती?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरांशी बोलायचं नाही. समोर यायचं नाही, आलंच तर पदर पुढे ओढून. काही सांगायचं झालं तर जावेला सांगायचं, ती त्यांना सांगणार. त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीकडे बघून बोलायचे. म्हणजे त्या माणसानं माझ्या तोंडचा एकच शब्द कधी ऐकला असेल तर तो "टाकला". आणि त्या एका शब्दावर ते डोळे झाकून पाय काढायचे.

जाऊ बुरोंडीची, समुद्राकाठी वाढलेली. होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारायची सवय, घरातही तसाच आवाज. मला ती "गो" म्हणायची, मी तिला "वयनी". माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिला मूलबाळ नव्हतं. त्यावरून लोक बोलायचे, ती बोलणाऱ्याला तिथल्या तिथे परत द्यायची.

मोटारीचे टायर दोन वर्षांत संपले. सड्यावरचा जांभा दगड टायर खातो. शिवाय बंदरात पुळणीत मोटार रुतायची. भरलेली मोटार वाळूत बसली की आम्ही दोघी हातांनी वाळू उकरायचो, चाकाखाली माडाच्या झावळ्या घालायचो. दोन दोन तास. हातांना फोड यायचे.

म्हणून नवे टायर घ्यायचं ठरलं आणि घरात वाद सुरू झाला. शहरातल्या मोटारींच्या मिस्त्रीकडे पहिल्याच मापाचे टायर होते. त्याहून एक माप मोठेही होते. आणि खेडकडे लाकडं वाहणारी एक लॉरी मोडीत निघाली होती, तिचे टायर सगळ्यांत मोठे आणि रुंद. आमच्या चाकांवर ते बसतील असं मिस्त्रीनंच सांगितलं, पण सांगताना तोंड वाकडं केलं.

दीर आणि नवरा त्याच्याकडून आले आणि घरापुढच्या खळ्यात बसले. सुतारही होता. आम्ही दोघी दाराआड.

दीर म्हणाले, "मिस्त्री म्हणतो, एवढे मोठे घालायचे तर आधी स्प्रिंगवर दोन पाती चढवून गाडी चार बोटं वर उचला. नाहीतर भार पडल्यावर टायर वर घासणार."

"गाडी उचलली की मागची कडी पण वर जाणार," नवरा म्हणाला. "मग मागच्या गाडीचं तोंड वर, कौलं सगळी मागे घसरणार. उचलायची नाय. मडगार्ड कापू."

"आणि म्हणतो, मोठ्या चाकाला इंजिन कमी पडेल. चढणीवर दम धरणार नाही. ब्रेकलासुद्धा जास्त जोर लागेल."

"तो मेला सगळ्यांना घाबरवतो. त्याच्याकडचे टायर खपत नाहीत म्हणून बोलतो."

दीर मग म्हणाले, "मधल्या मापाचे घेऊ."

नवऱ्यानं सुताराकडे पाहिलं. "काय हो, तुम्ही सांगा. मोठं चाक बरं की लहान?"

सुतारानं आयुष्यभर बैलगाडीची चाकं केली. त्यानं विचार केला नाही, लगेच म्हणाला, "मोठ्या चाकाला खड्डा लहान. मोठं चाक बैलाला हलकं जातं. माझ्या बापानं शिकवलंय."

"ऐकलंस दादा?"

दाराआडून जाऊ ओरडली, "भावजी, मोठेच घ्या हो! वाळू उकरायला तुम्ही येत नाय, आम्ही येतो. माझी नखं बघा, घारीसारखी झालीत."

सगळे हसले. दीरही हसले. तिथेच ठरलं.

सुतार खोटं बोलला नाही. बैलाला मोठं चाक खरंच हलकं जातं. पण बैल आणि इंजिन एक नव्हे, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्या मिस्त्रीचं आम्ही ऐकलं नाही. मलाही मोठेच टायर हवे होते. आता मी नाही म्हटलं तर ते खोटं होईल.

टायर प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर बांधून आले. बसवल्यावर मोटार निराळीच दिसायला लागली, लहान अंगाला मोठ्या वहाणा घातल्यासारखी. पहिल्या खेपा अर्ध्या भाराच्या केल्या. पुळणीत मोटार रुतली नाही. जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हत्ती गो हत्ती!" चढणीवर इंजिन कण्हायचं, पण वळण पार करायचं. बंद पडत नव्हतं, म्हणून ठोकळा घालायची वेळच आली नाही. मी तो नुसता हातात घेऊन मागून चालायची.

मग भार वाढवला तसा टायर घासायला लागला. जळक्या रबराचा वास यायचा, हौद्याच्या फळीखाली काळी पूड पडायची. नवऱ्यानं मडगार्ड कापून टाकलं. तरी फळीला घासायचा. तेव्हा त्यानं टायरांतली हवा कमी केली. हवा कमी केली की मोटार खाली बसते आणि टायर फुगत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन टायर हातानं दाबून म्हणाला, "आता बघ, लोण्यासारखी चालेल."

आदल्या दिवशी दुपारी मोटार खळ्यात उभी होती. मी सहज माझा ठोकळा नेऊन मागच्या टायराला टेकवला. पूर्वी तो चाकाच्या गोलाईत चपखल बसायचा. आता टायराच्या खाली कुठेतरी, पायाशी लहान मूल बसावं तसा दिसला. मी हातानं ढकलून पाहिलं. काही कळलं नाही, मोटार माझ्या हातानं कुठे हलणार? पण मला बरं वाटलं नाही.

मी आत येऊन जावेला सांगितलं, "वयनी, ठोकळा लहान दिसतो हो."

ती कुळीथ निवडत होती. "तुला सगळंच लहान दिसतं. तुझा नवरा तेवढा मोठा दिसतो."

"थट्टा नको. नव्या टायराला पुरत नाय. थोरल्या भावजींच्या कानावर घाला."

"सांगते गो बाय, सांगते. सुताराला एक मोठा करायला लावू. आणि माझ्यासाठी एक करायला लावू, तुझ्या डोक्यात घालायला."

मी हसले आणि कामाला लागले. नवऱ्याला सांगितलं नाही. तो आधीच टायरांवरून चिडला होता. मी काही बोलले असते तर म्हणाला असता, दादाची बाजू घेतेस. दिरांना मी सांगू शकत नव्हते. पण ठोकळा बाजूला टाकून, उद्या मी हा घेऊन येणार नाही असं म्हणणं माझ्या हातात होतं. ते मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पूर्ण भाराची खेप. पडाव रिकामा करायचा होता, पाऊस महिन्यावर आलेला. एकदोन थर जास्तीच घातले, कारण टायर मोठे. बंदरातून मोटार छान निघाली. अर्ध्या चढणीवर इंजिनाचा आवाज बसला. वळणाशी ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

दिरांनी ब्रेक दाबून धरला. नवरा उडी मारून हँडल घेऊन पुढे गेला. मी ठोकळा टायरामागे घातला. घातला हे खरं. खोटं ओरडले नाही. सासूबाईंनी शिकवलं तसं पोटातून ओरडले.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मोटार गाडीला अडकून थांबली. गाडी दरडीला टेकली होती. दीर उतरून मागे धावत आले. त्यांनी हातांनी कौलं उपसायला सुरुवात केली. नवऱ्यानं आणि मी पण. बंदरातली माणसं वर आली. गाडी उचलून बाजूला केली तेव्हा जावेच्या हातात ठोकळा तसाच होता. तिचा ठोकळा बरोबर मापाचा होता.

पंचनाम्याला फौजदार आला. खळ्यात खुर्चीवर बसून विचारत होता. मी दाराआड होते, एकटी. दीर म्हणाले, "ब्रेक लागला नाही." फौजदारानं विचारलं, चाकामागे काही लावलं होतं का? दीर म्हणाले, "लावलं होतं." कोणी लावलं, ते त्यानं विचारलं नाही. दिरांनीही सांगितलं नाही. मला कोणी बाहेर बोलावलं नाही.

तेरा दिवस झाले आणि खेपा पुन्हा सुरू झाल्या. बंदरातली कौलं पावसाच्या आधी वर जायला हवी होती. मिस्त्रीनं पहिल्या मापाचे टायर आणून घातले आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. मोठे टायर गोठ्यामागे टाकले. त्यांत पाणी साचून डास झाले, मग कोणीतरी एक एक करून नेले.

माझा ठोकळा कोणीतरी रस्त्यावरून उचलून घरी आणून दिला. ऐनाचं लाकूड, काहीच झालं नव्हतं. नुसता टायराचा काळा पट्टा होता वर. जुन्या मापाच्या टायराला तो पुन्हा चपखल बसला. मग तोच घेऊन मी मोटारीमागे चालू लागले. गाडीचा ठोकळा घ्यायला एक मजूर बाई ठेवली.

पहिल्याच खेपेला वळणावर इंजिन बंद पडलं. मी ठोकळा घातला. दीर ब्रेक धरून वाट बघत होते. माझ्या तोंडातून शब्द येईना. मी तोंड उघडून उभी. पुढून नवरा ओरडला, "अगो, टाकलास की नाय?" शेवटी मी हौद्याच्या फळीवर हातानं दोनदा थाप मारली. दिरांना कळलं. त्यांनी ब्रेक सोडला, पण एकदम नाही. थोडा, मग थोडा. तेव्हापासून ते तसंच. मी थाप मारायची, ते हळूहळू सोडायचे. पुढे चार-पाच वर्षं हा धंदा चालला, मी त्या चढणीवर पुन्हा तो शब्द उच्चारला नाही.

त्या वळणावर लोक जाता-येता झाडाची डहाळी टाकतात. अपघाती मेलेल्याच्या जागी टाकायची असते. मी कधी टाकली नाही. तिथून जाणारे ड्रायव्हर सांगत, तिथे गाडी बंद पडली की बाईचा आवाज येतो, "टाकला" म्हणून, आणि त्या आवाजावर ब्रेक सोडायचा नसतो. लोकांना वाटतं ती जाऊ. मी ऐकून घेते. "टाकला" म्हणून ओरडले ती मी. तिनं तो शब्द उच्चारायच्या आधीच सगळं झालं. तिथे आवाज येत असलाच तर तो माझा आहे, आणि मी जिवंत आहे. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण त्या वळणावरून जाताना मी तोंड मिटून घेते. आजही.

दिरांनी दुसरं लग्न केलं नाही. आमच्याकडेच राहिले. मी वाढायची, ते जेवायचे. पदर, भिंत, सगळं पूर्वीसारखंच. आता मधे निरोप पोचवायला जाऊ नव्हती, म्हणून ते काही मागतच नसत. एक गोष्ट मला रोज टोचायची. तिनं त्यांना ठोकळ्याचं सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर चूक माझी आणि तिची. विचारायची सोय नव्हती. तीस वर्षांहून जास्त काळ मी त्या माणसाला पेज वाढली आणि तेवढं एक विचारलं नाही.

शेवटच्या आजारात ते ओटीवर पडून असत. माझा नवरा त्याआधीच गेला होता. एका सकाळी मी पेज घेऊन गेले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तिनं मला ठोकळ्याचं सांगितलं होतं. आदल्या दिवशी. मी म्हटलं, ही खेप होऊ दे, मग बघू."

मला त्यांच्याशी बोलायची सवयच नव्हती. वाटी त्यांच्या हातात दिली आणि खालून मीच धरून राहिले. त्यांनी सगळी पेज प्यायली.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं का, तर नाही. वाटलं होतं उतरेल. त्यांनी ऐकलं होतं आणि तरी पाय काढला, कारण मी ओरडले. आता दोघांचं ओझं मीच सांभाळते.

ठोकळा स्वयंपाकघराच्या दाराला लावलेला असतो. नाहीतर वाऱ्यानं दार आपटतं.

त्या दिवशी चढणीवर आम्ही चौघं होतो. जाऊ तिथेच गेली. दीर जगले, माझा नवरा जगला, मी जगले. आता त्यातली मी एकटी आहे.